क्रेफिश खाऊन नदी वाचत नाही

इंग्लंडात गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक नवीनच पुण्यकर्म निघालं आहे. त्याला उपास लागत नाही, दानधर्म लागत नाही, साधे हातपायसुद्धा हलवावे लागत नाहीत. लोण्यात आणि लसणात परतलेले लालभडक क्रेफिश ताटलीत घ्यायचे, एकेकाची शेपटी सोलून तोंडात टाकायची आणि "आम्ही नदी वाचवतोय हो" असं म्हणायचं. टीव्हीवरचे बल्लवाचार्य हेच सांगतात, रविवारच्या पुरवण्या हेच छापतात, आणि पबच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या मेन्यूत त्या पदार्थाशेजारी एखादं हिरवं पानही काढलेलं असतं. अमेरिकेतून आलेला उपद्रवी प्राणी आहे, खाऊन टाका, पोटही भरेल आणि पर्यावरणही वाचेल. एका दगडात दोन पक्षी!

माझं म्हणणं असं की यातला एकही पक्षी पडत नाही. क्रेफिश खायला माझी काही हरकत नाही, चवीला छान लागतात. पण खाल्ल्याने नदी वाचते ही निव्वळ थाप आहे. नुसती थाप असती तरी सोडून दिली असती, पण ही नुकसान करणारी थाप आहे. पुण्या-सांगलीत बसून तुम्ही याच्यात का डोकं घालायचं, तेही पुढे सांगतो.

आधी क्रेफिश म्हणजे काय ते बघू. मराठीत याला नाव नाही, कारण आपल्याकडे हा प्राणीच नाही. भारतात निसर्गतः क्रेफिशची एकही जात सापडत नाही. डोळ्यासमोर समुद्रातला लॉबस्टर आणा, त्याला बोटभर ते वीतभर करा, पुढच्या दोन दणकट नांग्या तशाच ठेवा आणि त्याला ओढ्यातल्या दगडाखाली बसवा. झाला क्रेफिश.

ब्रिटनची स्वतःची अशी एकच जात, पांढऱ्या नांगीचा क्रेफिश. नांगीची खालची बाजू फिकट असते म्हणून हे नाव. लांबी फार तर १२ सेंटिमीटर, बहुतेक वेळा त्याहून कमीच. स्वच्छ, शक्यतो चुनखडीच्या भागातलं पाणी लागतं. दिवसभर दगडाखाली, रात्री बाहेर. डार्विनचा खंदा पाठीराखा टी. एच. हक्सली याने १८८० साली प्राणिशास्त्राची ओळख करून देणारं एक पुस्तक लिहिलं, ते अख्खं क्रेफिश या एकाच प्राण्यावर. विद्यार्थ्याला सहज मिळेल असा प्राणी होता तो. आज तो आययूसीएनच्या लाल यादीत आहे. २०१० पासून त्याची नोंद 'धोक्यातील जात' अशी होते आहे.

ही वेळ कशी आली? ती कथा कुठल्याही इंजिनियरने अभ्यासावी अशी आहे, कारण त्यात प्रत्येक माणसाने आपापल्या परीने शहाणपणाचाच निर्णय घेतलेला आहे.

१८६० च्या सुमारास इटलीतल्या नद्यांमधले क्रेफिश पटापट मरायला लागले. कारण होतं बुरशीसारखा दिसणारा, पाण्यात राहणारा एक सूक्ष्म जीव. या रोगाचं नाव क्रेफिश प्लेग. माणसाला त्याचा काही त्रास नाही, पण युरोपातल्या देशी क्रेफिशना तो एकदा लागला की काही आठवड्यांत नदीच्या नदी रिकामी होते. फिरत फिरत तो १९०७ साली स्वीडनला पोचला. आता स्वीडिश लोकांना क्रेफिशचं वेड. ऑगस्ट महिन्यात डोक्यावर कागदी टोप्या घालून शेपू घातलेले उकडलेले क्रेफिश खायचे, हा त्यांचा जवळजवळ सणच. नद्या रिकाम्या झाल्या म्हणून सण थोडाच सोडणार? शोध सुरू झाला आणि कॅलिफोर्नियात एक जात सापडली, जिला हा प्लेग मारत नाही. सिग्नल क्रेफिश. नांगीच्या सांध्यावर पांढरट-निळसर ठिपका असतो, रेल्वेच्या सिग्नलवाल्याच्या निशाणासारखा, म्हणून ते नाव. १९६० मध्ये चाचणीपुरते आणि १९६९ मध्ये मोठ्या प्रमाणावर हे प्राणी स्वीडनमध्ये सोडले गेले.

मग ब्रिटनच्या शेतीखात्याला वाटलं, एवढी मागणी आहे तर आपण का मागे राहायचं? १९७० च्या दशकाच्या मध्यात शेतकऱ्यांना हा जोडधंदा म्हणून सुचवण्यात आला. शेततळ्यात सिग्नल क्रेफिश वाढवा, स्कँडिनेव्हियाला विका, चार पैसे कमवा. सरकारचा आशीर्वाद, निर्यातीचं स्वप्न, शेतकऱ्याचं कल्याण. ऐकल्यासारखं वाटतं ना? :)

यात एकच गोष्ट कोणी विचारली नाही. हा प्राणी प्लेगने मरत का नाही? कारण तो आणि तो रोग उत्तर अमेरिकेत युगानुयुगं एकत्र राहिलेले आहेत. रोगाने मरत नाही याचा अर्थ रोग होत नाही असा नव्हे. तो अंगावर रोग वागवतो आणि स्वतः मजेत राहतो. म्हणजे ज्या गुणासाठी त्याची निवड झाली, तोच गुण इथल्या देशी जातीच्या मुळावर उठणारा होता. स्पेसिफिकेशनमध्ये 'रोगाला दाद देत नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्याचीच दुसरी बाजू वाचायची राहिली.

शिवाय क्रेफिशला पाय असतात, हीसुद्धा एक तांत्रिक बाब होती. मासा तळ्यात राहतो, क्रेफिश ओल्या गवतातून चालत शेजारच्या ओढ्यात जातो. १९८१ साली इंग्लंडात क्रेफिश प्लेगची पहिली नोंद झाली. योगायोग बघा, परदेशी प्राणी मोकळे सोडायला बंदी करणारा वन्यजीव कायदाही १९८१ चाच. परवान्याशिवाय परदेशी क्रेफिश पाळायला बंदी करणारा आदेश आला तो १९९६ मध्ये, म्हणजे पहिल्या आगमनानंतर वीस वर्षांनी. घोडा तबेल्यातून पळाल्यावर दाराला कडी लावायची, ती सुद्धा सावकाश, वीस वर्षं घेऊन.

आता हा सिग्नल काय करतो? देशीपेक्षा मोठा, १५-१६ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. मादी एका वेळी २०० ते ४०० अंडी घालते, देशी मादी बहुतेक वेळा शंभरच्या आतच. दगडाखालच्या चांगल्या जागा तो बळकावतो. गोगलगाई, किड्यांच्या अळ्या, पाणवनस्पती, माशांची अंडी, जे मिळेल ते खातो. आणि नदीच्या काठात बिळं करतो, दोन दोन मीटर खोल. मी राहतो त्या रेडिंग भागात केनेट नदीला पाणी कमी असलं की काठावर ही भोकं दिसतात. पूर आला की असा पोखरलेला काठ धाडकन पाण्यात बसतो. ती माती तळाच्या खडीवर पसरते, आणि त्याच खडीत ट्राउटसारखे मासे अंडी घालतात. एका जोडधंद्याने नदीचा काठ, तळ, मासे आणि देशी क्रेफिश अशा चारही गोष्टींना हात घातला.

इथवर कोणाचं दुमत नाही. भांडण पुढे आहे. "मग खाऊन टाका की!"

पहिला आक्षेप साध्या गणिताचा. यॉर्कशायरमधल्या एका लहान ओढ्यावर संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास केला. ओढ्याचा तुकडा अडवून त्यातलं पाणी एकदा नव्हे, तीनदा पूर्ण उपसून काढलं आणि सापडेल तो प्रत्येक क्रेफिश मोजला. काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये ११० पेक्षा जास्त निघाले. जेवायच्या टेबलाएवढ्या जागेत शे-सव्वाशे! आणि त्यातले आमिषाच्या पिंजऱ्यात अडकतील एवढे मोठे किती? २.३ टक्के. बाकीचे ९७ टक्क्यांहून अधिक पिल्लं आणि लहानसहान. पिंजऱ्याच्या जाळीतून ते आरामात ये-जा करतात. ज्याला आपण 'पकडलेला माल' म्हणतो तो म्हणजे मोठ्या भोकांच्या चाळणीने तांदूळ चाळून वर राहिलेले चार खडे. खडे वेचल्याने पोतं रिकामं होत नाही.

त्यातही मेख अशी की मोठे क्रेफिश आपल्याच जातीची पिल्लं खातात. मोठे काढून टाकले की पिल्लांना खाणारा गेला, जागा मोकळी झाली, खाणंही वाटेकरी कमी झाल्याने वाढलं. पिल्लं भराभर वाढतात. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तुम्ही एका टोकाने दाब काढता, यंत्रणा दुसऱ्या टोकाने भरून काढते. आणि हिवाळ्यात पोटाखाली अंडी घेतलेल्या माद्या बिळात दडून असतात, त्या आमिषाला येतच नाहीत. म्हणजे ज्यांना पकडायला हवं त्याच सुटतात.

दुसरा आक्षेप पिंजऱ्याचा. इंग्लंडात पिंजरा लावायला एन्व्हायर्नमेंट एजन्सीची परवानगी लागते. पिंजऱ्याचं तोंड केवढं असावं याचेही नियम आहेत, कारण मोठ्या तोंडाच्या पिंजऱ्यात पाणमांजर शिरून बुडून मरतं. पण टीव्हीवर पाहून उत्साहात आलेला माणूस नियम वाचत बसत नाही. तो ऑनलाइन पिंजरा मागवतो, शनिवारी एका नदीत लावतो, रविवारी दुसऱ्या. प्लेगचे बीजाणू ओल्या जाळीवर, ओल्या बुटावर बसून प्रवास करतात. त्याच्या पिंजऱ्यात देशी क्रेफिश आला तर त्याला ओळखतासुद्धा येत नाही, तोही कढईत जातो. नदी वाचवायला निघालेला हा गृहस्थ रोगाचा टपालवाला होतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो बाजाराचा. एखाद्या उपद्रवाला भाव मिळाला की त्या उपद्रवाला मालक मिळतो. आणि मालक आपला माल संपू देत नाही. हा साधा व्यवहार आहे, यात कोणी दुष्ट असायची गरज नाही.

स्पेनचं उदाहरण घ्या. १९७३-७४ साली लुइझियानाहून लाल दलदली क्रेफिश तिथे आणले गेले आणि सेव्हिलजवळ ग्वादल्किविर नदीच्या काठच्या भातखाचरांमध्ये ते फोफावले. भाताचे बांध पोखरले, पाणथळी उजाड केल्या, प्लेग पसरवला. पण पकडून विकायचा धंदाही उभा राहिला. इस्ला मायोर नावाच्या गावाचं पोट आज त्यावर चालतं. २०१६ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा घातक प्राणी आहे, त्याचा व्यापार चालणार नाही. गावात हलकल्लोळ झाला. लोकांचं काही चुकलं नाही, त्यांच्या चुलीचा प्रश्न होता. २०१८ मध्ये संसदेने कायदाच बदलला आणि व्यापाराला वाट करून दिली. चाळीस वर्षं खाऊन क्रेफिश संपला नाही, पण त्याला संपवायची इच्छा मात्र संपली.

"चिनी लोकांना सांगा, ते एका हंगामात फडशा पाडतील" हा इथल्या ऑफिसातला आवडता विनोद. तो करणाऱ्यांना माहीत नसतं की चीनमध्ये हाच लाल क्रेफिश परदेशातून आलेला आहे आणि तिथे तो खरोखरच प्रचंड खाल्ला जातो. परिणाम काय झाला? भातशेतीत त्याची मुद्दाम लागवड सुरू झाली आणि २०२० साली चीनचं उत्पादन २० लाख टनांच्या वर गेलं होतं. खाण्याने प्राणी संपत असते तर जगात कोंबडी उरली नसती.

"अरे पण काहीच न करण्यापेक्षा थोडे खाल्लेले काय वाईट?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं उत्तरही प्रामाणिकपणे देतो. एखाद्या लहान जागी वर्षानुवर्षं, न थांबता, शिस्तीने पकडत राहिलं तर तेवढ्यापुरती संख्या कमी राखता येते. पण थांबलात की ती परत वाढते. ते एक कायमचं, खर्चाचं, कंटाळवाणं काम आहे. त्याला भाव देऊन ते होत नाही, कारण धंदेवाला माणूस संख्या कमी झाली की परवडत नाही म्हणून निघून जातो. पर्यावरणाच्या दृष्टीने खरं काम सुरू होतं ते नेमकं तिथून पुढे. म्हणून म्हणतो, परवानाधारकाने पकडलेले क्रेफिश खा, बिनधास्त खा. फक्त त्याचं पुण्य खात्यावर जमा करू नका.

आता एक अवघड विषय. इथली वर्तमानपत्रं या प्राण्याबद्दल 'अमेरिकन घुसखोर', 'परका आक्रमक' अशा भाषेत लिहितात, आणि भारतातले काही मित्रही हे ऐकून मिटक्या मारत म्हणतात, "बघ, बाहेरचा आत आला की असंच होतं." मी स्वतः या देशात बाहेरून आलेला माणूस आहे, त्यामुळे हे वाक्य माझ्यापाशी जरा थांबतं. मंडळी, ही तुलना मुळातच खोटी आहे. माणूस ही एकच जात आहे, मुंबईतली असो की मँचेस्टरमधली. आणि सिग्नल क्रेफिश काही घुसला नाही, त्याला पेटीत भरून, पैसे मोजून, सरकारी सल्ल्याने आणलं. ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या बहुतेक जाती कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा राहतात. जीवशास्त्रज्ञाचा आक्षेप तो कुठून आला याला नसून तो काय करतो याला आहे. 'परका' या शब्दावर सगळा राग काढला की ज्याने आणला तो अलगद सुटतो. मला तर वाटतं, ही भाषा लोकप्रिय आहे ती त्यासाठीच.

आता तुमच्याकडे वळतो.

क्रेफिश आपल्याकडे नाही, पण ही गोष्ट आपल्याकडे आहे. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला, तोही प्रथिनं वाढवायला, गरिबाच्या ताटात मासा यावा म्हणून. हेतू उत्तमच होता. आज उजनीच्या काठी त्याला चिलापी म्हणतात आणि भिगवणच्या बाजारात तिचे ढीग लागतात. त्यावर हजारो घरं जगतात, म्हणून भीमेतल्या जुन्या माशांचं काय झालं हे विचारायची सोय उरलेली नाही. थाई मांगूर, म्हणजे आफ्रिकेतला तो मोठा मांसाहारी मासा, याच्यावर केंद्राने २००० साली बंदी घातली. तरी उजनीच्या परिसरात त्याची तळी निघत राहिली आणि मत्स्य विभाग ती नष्ट करत राहिला. बंदी कागदावर आणि मासा पाण्यात, कारण गिऱ्हाईक आहे. इस्ला मायोरला जायची गरज नाही, इंदापूरला गेलं तरी पुरे.

आणि क्रेफिश येणारच नाही असं समजू नका. जर्मनीत १९९० च्या दशकात शोभेच्या माशांच्या धंद्यातून एक संगमरवरी क्रेफिश पुढे आला. त्यात नर नाहीतच. प्रत्येक प्राणी मादी आणि प्रत्येक मादी नराशिवाय पिल्लं देते. म्हणजे काचेच्या टाकीतून नाल्यात टाकलेला एकच प्राणी एक अख्खी वसाहत उभी करू शकतो. मादागास्करमध्ये तो पोचला आणि लोकांनीच तो या भातखाचरातून त्या भातखाचरात नेला. का? खायला बरा म्हणून.

आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत, कातळांत गोड्या पाण्यातले खेकडे आहेत, त्यांतले कित्येक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. २०१६ मध्ये एकाच शोधनिबंधात पश्चिम घाटातल्या अशा पाच नव्या जातींचं वर्णन आलं. अजून मोजणीसुद्धा पूर्ण झालेली नाही! युरोपात क्रेफिश प्लेगचा संसर्ग गोड्या पाण्यातल्या काही खेकड्यांमध्येही आढळला आहे. आपल्या खेकड्यांवर त्याचा काय परिणाम होईल, हा प्रयोग सह्याद्रीत करून बघायची मला तरी हौस नाही.

मग करायचं काय? इंग्लंडात आता देशी क्रेफिश वेचून एकाकी तळ्यांमध्ये, जुन्या दगडखाणींच्या पाण्यात नेऊन ठेवतात, जिथे सिग्नल चालत पोचू शकणार नाही. त्या जागांना ते नोहाच्या नावेवरून 'आर्क' म्हणतात. मासेमारांना, नावाडी लोकांना एकच मंत्र शिकवतात: सामान तपासा, धुवा, वाळवा. २०१९ च्या आदेशानंतर सिग्नल परवान्याशिवाय जिवंत पाळणं, नेणं, विकणं किंवा पुन्हा पाण्यात सोडणं गुन्हा आहे. यातलं काहीच चमचमीत नाही. त्याच्या पाककृती छापून येत नाहीत. पण जे काही थोडं उपयोगी पडतंय ते हेच आहे.

आपल्याला तर याहून स्वस्त उपाय उपलब्ध आहे: येऊच न देणं. पुढच्या वेळी एखादा मंत्री, एखादी कंपनी किंवा एखादा उत्साही कृषी सल्लागार नवीन मासा, नवीन झिंगा, शेततळ्यात झटपट पैसा देणारा नवीन प्राणी घेऊन येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. हा तळ्याबाहेर पडला तर परत कसा आणणार? त्याच्या अंगावर कोणते रोग आहेत, ज्यांनी तो स्वतः मरत नाही? आणि नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्याचं नाव आणि सही कुठे आहे? ब्रिटनमध्ये हे प्रश्न १९७५ साली कोणी विचारले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. पन्नास वर्षं झाली, त्याची उत्तरं अजून नदीचे काठ देत आहेत.

आणि त्या बैठकीत कोणी हसत हसत म्हणालं, "फार वाढले तर खाऊन टाकू हो!", तर समजून जा की त्याच्याजवळ दुसरा कुठलाही बेत नाही.